गळती

गुदैबियात, कोल्ड स्टोअरच्या वर,
गणवेश शिवणाऱ्या शिंप्याच्या दुकानातून आत गेलं
की मागे एक खोली. पाटी नाही.
दाराला एक जुनं रीड चिकटवलेलं, अडीच नंबरचं,
कळणाऱ्याला कळावं म्हणून.

ऑगस्ट. रस्ता न पिळलेल्या टॉवेलासारखा.
पेटी छातीशी धरून जिना चढले,
तापानं फणफणलेलं पोर दवाखान्यात न्यावं तशी.
शिंप्यानं विचारलं, मशीन आहे का, ताई?
हो म्हटलं. काय सांगणार.

एफ्रेन. पिकल्या केसांची शेंडी,
ॲप्रनच्या खिशात सिगारेटचे कागद.
सिगारेट सुटली, कागद कामाला उरले.
त्याची हिंदी, माझं इंग्रजी, दोघांची मोडकी अरबी
एकत्र करून मी तक्रार सांगितली:
जी शार्प चिकटतो. खालचा सी येतच नाही,
नुसती फुसफुस.
आणि मी सेहेचाळिसाव्या वर्षी शिकायला लागलेय.
शेवटचं त्यानं विचारलं नव्हतं.

दिवा मालवून त्यानं
इवल्या दिव्यांची एक दोरी नळीत सोडली,
आडात पोहरा सोडावा तशी,
आणि एकेक झाकण मिटत गेला.
जिथून उजेड बाहेर आला
तिथून माझा श्वास जात होता.
चार ठिकाणी. मी मोजलं.
आणि दोन वर्षं मी
माझ्याच फुफ्फुसांना बोल लावत होते.

सराव कुठे करता?
गाडीत.
समुद्र बुजवून काढलेल्या त्या रिकाम्या जमिनीवर,
जिथे अजून इमारती यायच्यात,
काचा वर, एसी चालू, सीट मागे.
फ्लॅटच्या भिंती पातळ,
आणि नवरा म्हणतो, कुकर कुठला नि तू कुठली, कळत नाही.
तो हसला नाही.
म्हणाला, गाडीत गार, बाहेर दमट,
पॅड फुगतो, बूच आकसतं.
दार उघडायच्या आधी तिला पुसायचं, आतून.
त्याच्या हिंदीत सॅक्सोफोन बाई आहे.

मग अंगठ्याच्या आकड्याखाली
त्याला एक बारीक ओरखडा दिसला. चष्मा वर केला.
ही बेनीची.
जुफैरच्या हॉटेलात तेरा वर्षं वाजली.
हॉटेलं बंद पडली तेव्हा कुणाला तरी विकून गेला.
मला, म्हटलं. नव्वद दिनार.
तो हिशेब करत असावा, जास्त की कमी.
बोलला नाही. चार पॅड बदलले,
गरम चमच्यानं लाख वितळवून,
भाकरी परतावी इतक्या सवयीनं.

जी शार्पला मात्र नवं काही लागत नाही, म्हणाला.
कागदी नोट आहे?
पर्सच्या चोरकप्प्यात दहा रुपयांची एक होती,
घरी उतरल्यावर विमानतळाबाहेर सुट्टे लागतात म्हणून.
ती झाकणाखाली घालून, दाबून,
हलक्या हातानं ओढून घेतली. तीनदा.
बेनीलाही मी हेच करून द्यायचो,
त्याच्याकडे नोट कधीच नसायची.

माउथपीस बघू लागले, तो काचेमागचा, चकचकीत.
आत्ता नको, म्हणाला. सहा महिन्यांनी या.
गळ्याचा पट्टा तेवढा बदला, मान धरेल.
सगळे मिळून चौदा दिनार.

वाजवून बघा.
दुसऱ्या माणसासमोर मी कधी वाजवलेलं नाही, म्हटलं.
तो पाठ करून बसला, कागद नीट लावू लागला.
खालचा सी आला. जाड, खरखरीत,
गुडघ्यापर्यंत उतरणारा.
भिंतीपलीकडे शिंप्याची मशीन थांबली.
मग पुन्हा सुरू झाली.

नोटेवर एक तपकिरी वर्तुळ उठलंय,
बरोबर सगळ्या भाषांत रक्कम लिहिलेल्या पट्टीवर.
आपली ओळ अर्धी आत, अर्धी बाहेर.
ती आता मोडवत नाही.
विमानतळावर सुट्ट्यांचं बघू काहीतरी.